येऊ दे, येऊ दे… वर घे!

नवी गाडी घेतलीत, अभिनंदन. बोनेटला हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, अंबाबाईला आणि जोतिबाला दाखवून आणली. आता ती लावायची कुठं, एवढाच प्रश्न उरला. घराला पार्किंग नाही म्हणून खचून जाऊ नका. इमारतीच्या मंजूर नकाशात ते अजूनही आहे. फक्त त्या जागी आता मोबाइलचं दुकान आणि एक झेरॉक्सवाला बसतो. कोल्हापुरात बिंदू चौकात वाहनतळ आहे, पण तिथं पावती फाडायची आणि वर तिथून चालत यायचं. चालायचं कशावरनं? फूटपाथवर तर गाड्या लागलेल्या. तेव्हा शहाण्या माणसानं मधला हेलपाटा वाचवावा आणि थेट फूटपाथ गाठावा.

मनात थोडी धाकधूक असेल तर आधी जरा मापं बघू. पादचाऱ्यांसाठी सोयी कशा असाव्यात याच्या मार्गदर्शक सूचना इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेनं काढलेल्या आहेत. फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असं त्यात म्हटलंय. आता तुमची एसयूव्ही मोजा. आरसे मिटले की जवळपास तेवढीच भरते. कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा असंही त्यांचं म्हणणं आहे, आणि तुमच्या गाडीच्या पोटाखाली कंपनीनं २०० मिलिमीटरच्या आसपास जागा सोडलेली आहे. इतकी मापं आपोआप जुळत नसतात. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी फूटपाथ एवढा रुंद नसतो, हे खरं. तिथं दोन चाकं वर आणि दोन खाली ठेवावीत. म्हणजे चालणारे आणि वाहनवाले, दोघांनाही समान न्याय मिळतो.

दगड चढताना गाडीला हिसका बसेल याची काळजी वाटते? मग फूटपाथला उतार दिलाय तिथनं घ्या. तो उतार कुणासाठी आहे, याचा फार विचार करू नये. व्हीलचेअर आणि बाबागाडी वर चढावी म्हणून तो केलाय, असं काही पुस्तकी लोक म्हणतात. तुम्ही गाडी नेमकी त्याच्या तोंडाशी लावलीत की तो वादच मिटतो.

आणि गाडी वर चढवताना कोल्हापूर किती मायाळू आहे ते तुम्हाला कळेल. ओळख ना पाळख, पण पानपट्टीवरचा एक गडी पुढं येईल, हातातली सिगारेट वर धरून दुसऱ्या हातानं इशारे करेल, "येऊ दे, येऊ दे… वर घे… उजवीकडं काट… बास!" आणि डिकीवर थाप मारून, आभारसुद्धा न घेता परत पानपट्टीला जाऊन उभा राहील. अशी माणसं पुण्यामुंबईत शोधून सापडायची नाहीत.

जागा कुठली धरावी? राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी मिळेल ती. लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत नशिबात असेल ती. महाद्वार रोडचं नाव काढू नका, तिथं फूटपाथ शोधण्यातच सुटी संपेल. पण माझं ऐकाल तर लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरची जागा सोडू नका. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांला लस असते, मग नऊ महिन्यांला. म्हणजे तीच आई, तेच बाळ, तीच बाबागाडी परत परत तुमच्या गाडीपुढं येऊन उभी राहणार. शिवाय लस टोचल्यावर बाळ रडतं. त्या रडण्याचं कारण तुमची गाडी आहे, असं कुणी सिद्ध करू शकत नाही.

आता लावण्याची कला. नवखे लोक गाडी भिंतीला अगदी चिकटवतात. ते अडाणीपणाचं दिसतं आणि भांडणाला निमित्त मिळतं. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये एक फट सोडावी. पोट आत घेऊन, आडवा होऊन, एखादा सडपातळ तरुण जाऊ शकेल एवढीच. बाबागाडीला अर्धा-पाऊण मीटर लागतो, म्हणून फट फूटभरावर जाऊ देऊ नका. कुणी आवाज चढवलाच तर फटीकडं बोट दाखवून "जागा सोडलीय की!" असं म्हणता येतं, आणि ते खोटंही नसतं. आरसा मात्र उघडा ठेवा.

मग गंमत बघा. ती बाई आधी फटीकडं बघते. मग गाडीकडं. मग फटीकडं पुन्हा, जणू एवढ्यात ती वाढली असेल. मागं वळावं तर तोवर मागं एक बुलेट लागलेली असते. बाबागाडीची पुढची चाकं लहान आणि गरागरा फिरणारी, त्यामुळं दगडावरनं खाली उतरवताना आधी मागची चाकं उतरवायची, म्हणजे रस्त्याकडं पाठ करून उतरायचं. पाठीमागनं केएमटीची बस येतेय की ट्रॅक्टर, हे आईकडं तोंड करून बसलेल्या बाळाला दिसतं. आईला दिसत नाही. बाळाला अजून बोलता येत नाही हे आपल्या पथ्यावर.

ती तुमच्याकडं आलीच, तर बोलणं असं होतं.

"दादा, गाडी जरा पुढं घेता का?"

"दोन मिनिटं, वहिनी. पार्सल घेतलं की निघालोच."

इथं "वहिनी" महत्त्वाचं. आवाज अदबीचा असला की गाडी हलवावी लागत नाही. आणि दोन मिनिटांची चिंता करू नका. त्या दोन मिनिटांत तांबडा-पांढरा बांधून येतो, एक ओळखीचा भेटतो, त्याच्या मेव्हण्याच्या कळंब्यातल्या प्लॉटचं निघतं, चहा होतो. वहिनी तोवर गेलेल्या असतात. बायकांना मेली सबुरीच नाही.

एखादी नाहीच हलली, तर शेवटचं वाक्य टाका, "एवढा मोठा रस्ता पडलाय, खालनं जावा की!" हे उद्धटपणाचं वाटेल, पण त्यामागं नागरी भान आहे. गाडी रस्त्यावर लावली तर वाहतुकीला अडथळा होतो. तुम्ही जबाबदार माणूस, अडथळा करणार नाही. म्हणून गाडी फूटपाथवर आणि बाळ रस्त्यावर. यापेक्षा शिस्तशीर वाटणी कुणी सुचवली तर मी ऐकायला तयार आहे.

एवढ्यात शेजारच्या कट्ट्यावरनं एक आजोबा मदतीला येतीलच. "आमच्या वेळंला कुठं हुती बाबागाडी? आमच्या आईनं सात पोरं कडंवर वाढवली." आजोबांच्या वेळेला मोटारही नव्हती, हे तिथं बोलू नये. वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा. आणि बाबागाडी ढकलणारा बापच असेल तर आजोबांना अजून चेव येतो: "काय मर्दा, पोरगं कडंवर घ्यायला जड झालं व्हय?" त्या गड्याची मान जी खाली जाते, ती दोन चौक वर येत नाही. आपली गाडी हलवायची राहिली, हे तोही विसरतो.

कधीकधी लोक फारच चांगले निघतात. चौघं पुढं होतात, बाळासकट बाबागाडी उचलतात आणि तुमच्या बोनेटला वळसा घालून पलीकडं ठेवतात. सगळ्यांना बरं वाटतं. त्या चौघांनी मिळून गाडी बाजूला करायला लावली असती तर तुमच्यावर प्रसंग गुदरला असता. पण आपल्याकडं मदत म्हणजे पायी चालणाऱ्याला उचलणं, गाडीवाल्याला बोलणं नव्हे. हा फरक आपल्या लोकांना उपजतच कळतो.

कायद्याचं काय, असं विचारणारा एखादा मास्तर भेटतोच, म्हणून थोडक्यात सांगून ठेवतो. फूटपाथवर गाडी लावायची नाही असा नियम आहे, रहदारीला अडचण होईल अशी गाडी सोडून जाऊ नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर किरकोळ गुन्ह्याचा दंड पहिल्या खेपेला ५०० रुपये आणि पुढच्या खेपेला १,५०० रुपयांपर्यंत आहे. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की नीट, मोकळा फूटपाथ मिळणं हा पादचाऱ्याचा हक्क आहे आणि तो राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो. फार चांगला निकाल आहे. गाडीत बसून, एसी लावून निवांत वाचण्यासारखा. चलन मोबाइलवर येतं, तेही तिथंच वाचावं आणि लोकअदालतीची वाट बघावी. क्रेन आलीच तर आधी दुचाक्या उचलते. तिलाही पाठीचं दुखणं असणार.

खरी अडचण फूटपाथवरच्या अतिक्रमणाची आहे, आणि या विषयावर तुम्ही तळमळीनं बोललं पाहिजे. गाडी वर चढवून, काच खाली करून म्हणा, "या हातगाडीवाल्यांनी शहराची वाट लावली. माणसानं चालायचं कुठनं?" फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, जागा ठरवून देण्याची पद्धत आहे. इतकं सगळं असूनही केळ्याची गाडी उचलून नेता येते. तुमच्यासाठी यातलं काहीच नाही, तरी तुम्हाला कुणी हात लावत नाही. हातगाडीला चार चाकं, बाबागाडीला चार चाकं आणि तुमच्या गाडीलाही चारच. पण पहिल्या दोन्हींना माणूस ढकलतो आणि तुमच्या गाडीला इंजिन आहे. चाकांवर ठेवलेल्या वस्तूनं फूटपाथ अडवला तर ते अतिक्रमण. त्याच वस्तूत डिझेल घातलं की पार्किंग. केळेवाल्यानं हे वेळेवर ओळखून कर्ज काढलं असतं तर आज तोही ताठ मानेनं राजारामपुरीत उभा असता.

काही ठिकाणी फूटपाथच्या तोंडाला लोखंडी खांब रोवलेले दिसतील. घाबरू नका. दुचाक्या वर येऊ नयेत म्हणून ते असतात. दुचाकी त्यांच्यामधनं हँडल वाकडं करून आरामात जाते. अडकते ती व्हीलचेअर आणि जुळ्यांची बाबागाडी. तुम्ही दोन खांब सोडून पुढच्या दुकानाच्या उतारावरनं घ्या.

टनभरापेक्षा जड गाडी रोज एकाच जागी चढली की पेव्हर ब्लॉक खचतात. फूटपाथखाली गटार असेल तर फरशी आधी वाजायला लागते, मग चिरते, मग तिचा एक कोपरा आत जातो. त्यात बाबागाडीचं पुढचं चाक बरोबर बसतं. हा खड्डा कुणी केला, असा विषय निघाला तर सगळ्यांच्या आधी तुम्ही ठेकेदाराला शिव्या घाला. आपल्या घरपट्टीचं काय होतं, असं जोरात विचारा. शहर तुमच्या बाजूनं उभं राहील. हे टोल घालवलेलं शहर आहे. शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांसारखी माणसं उतारवयात रस्त्यावर उतरली, शहर त्यांच्यामागं गेलं आणि २०१५ सरता सरता टोल गेला. सार्वजनिक रस्ता सगळ्यांचा, हे त्यातनं सगळ्यांना शिकायला मिळालं. सगळ्यांचा म्हणजे आपला, आणि आपला म्हणजे माझा, एवढी पुढची वाटचाल आपण नंतर घरच्या घरी केली.

मागच्या काचेवर "आईची कृपा" लिहून घ्यायला विसरू नका. अक्षरं मोठी काढा. पोर घेऊन खोळंबलेल्या बाईला वाचायला काहीतरी पाहिजे.

संध्याकाळी गाडी काढून निघालात की तीच आई रस्त्याच्या कडेनं बाबागाडी ढकलत चाललेली दिसेल. हॉर्न द्या. लांब द्या. काच खाली करून विचारा, "फूटपाथ कशाला केलाय, बाई?" ती वळून बघेल, पण बोलणार नाही. चुकलं असेल तिचं.

या सगळ्यात एकच गोष्ट गंभीर आहे. त्या फूटभराच्या फटीतनं बाबागाडी तिरकी करून न्यायचा प्रयत्न एखादी करते, आणि हँडल तुमच्या दाराला घासतं. इथं मात्र गय करू नका. दार उघडा, खाली उतरा, बोट ओलं करून ओरखडा पुसून बघा. गेला नाही तर आवाज चढवा. आता "वहिनी" नको. रंगाला किती खर्च येतो, ते आकड्यासकट सांगा. पानपट्टीवरचा तो गडी सिगारेट टाकून येईल, आजोबा कट्ट्यावरनं उठतील, सगळे वाकून ओरखडा बघतील. बाळाकडं बघायला कुणाला सवड होणार नाही आणि व्हायचं कारणही नाही. बाळाला कंपनीचा रंग नसतो. "पॉलिश मारलं की जातंय," असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडं रोखून बघा. दोन मिनिटांचं इथं नाव काढू नका. सावकाश होऊ द्या, अर्धा रस्ता अडला तरी चालेल. येणारेजाणारे थांबतील, काचा खाली करून "काय झालं, काय झालं" विचारतील, आणि त्यांनाही जवळनं बघायचं असेल. त्यांना बेकरीच्या दारातला तुकडा दाखवा. तिथं अजून एका गाडीपुरता फूटपाथ शिल्लक आहे.