पायी चालून काय होतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘मिडल पॅसेज’ म्हणजे गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांना अटलांटिकपलीकडे नेणारा सागरी मार्ग. त्याच्या स्मरणार्थ निघालेल्या सर्वधर्मीय पदयात्रेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत आणि गुलामांच्या वंशजांना द्यायच्या भरपाईबद्दलही विचारलंत. ही यात्रा म्हणजे गोऱ्यांच्या अपराधी मनावरचा स्वस्त उतारा. ज्या धर्मांनी गुलामगिरीला आशीर्वाद दिला त्यांनी आता प्रायश्चित्त मिरवू नये. आणि या सगळ्याशी मराठी माणसाचा संबंध काय? तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

धर्माचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि त्यातले तपशील खरे आहेत. घानातल्या केप कोस्ट किल्ल्यात कैद्यांच्या तळघराच्या डोक्यावर इंग्रजांचं प्रार्थनास्थळ होतं. बार्बाडोसमधला कॉड्रिंग्टन मळा इंग्लंडच्या एका धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचा होता आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ असा डाग दिला जाई. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट (कॅथलिक संघाच्या) पाद्र्यांनी २७२ माणसं विकली, त्या पैशातला काही भाग जॉर्जटाऊन कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. मग याचा हिशेब कोणी मांडायचा? धर्म मानणाऱ्यांनीच. त्यांनी गप्प बसावं हे मला मुळीच पटत नाही.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे वळतो. मे १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेव्हरेटच्या शांतिस्तूपापासून हे यात्रेकरू निघाले, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली न्यू ऑर्लीन्सपर्यंत गेले आणि पुढे कॅरिबियन बेटांमार्गे पश्चिम आफ्रिकेत पोचले. म्हणजे गुलामांची जहाजं जिकडून आली, तिकडे उलट. नेतृत्व दोघींचं होतं: इन्ग्रिड अ‍ॅस्क्यू या कृष्णवर्णीय, तर क्लेअर कार्टर या गोऱ्या बौद्ध भिक्षुणी. त्यामुळे हा केवळ गोऱ्यांचा कार्यक्रम होता असं म्हणणं अ‍ॅस्क्यूबाईंवर अन्याय आहे. शिवाय सुरुवात उत्तरेतून झाली. गुलामगिरी हे दक्षिणेचं पाप, अशी सोयीची समजूत तिकडे खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात १६४१ मध्ये गुलामगिरीला कायद्यात जागा देणारी उत्तर अमेरिकेतली पहिली इंग्रज वसाहत मॅसॅच्युसेट्सच होती, आणि ऱ्होड आयलंडच्या बंदरांतून गुलामांच्या व्यापाराची जहाजं सुटत. वाटेत चालणाऱ्यांमध्ये वंशावरून खटके उडाले, राग निघाले. ते उडायलाच हवे होते. परिसंवादातून रागावलेला माणूस घरी जातो. इथे संध्याकाळी त्याच लोकांबरोबर जेवायचं आणि सकाळी त्यांच्याबरोबरच पावलं टाकायची.

पण माझं खरं उत्तर वेगळंच आहे. अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी आफ्रिकेतून जहाजांत कोंबलेली माणसं सुमारे १ कोटी २५ लाख. पलीकडे जिवंत उतरली सुमारे १ कोटी ७ लाख. मधली जवळजवळ १८ लाख माणसं वाटेत संपली. ना दफन, ना दहन, प्रेतं पाण्यात. त्यांचं सुतक कोणी पाळलं? सुतक नात्यातल्यांनी पाळायचं असतं, आणि मळ्यांवरच्या बलात्कारांमुळे मालकांचे आणि गुलामांचे वंशज आज रक्तानेही एकमेकांचे आहेत. दोन्हीकडच्यांनी बंदराबंदरावर थांबून, ढोल वाजवत, आपापल्या प्रार्थना म्हणत त्या मृतांना आठवणं हे मला फार उशिरा केलेलं, पण टाळता न येणारं कर्तव्य वाटतं. भरपाई दिली गेली तरी हे उरतंच, आणि हे केलं म्हणून भरपाई माफ होत नाही.

राहिला मराठी माणूस. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि तिकडच्या मळ्यांवरचं दुःख त्यांनी शेजारी ठेवून पाहिलं, तेही तार-टपालाच्या काळात. मलिक अंबर इथिओपियातून विकला जात जात अहमदनगरला आला. पोर्तुगीज गोव्यात भर बाजारात आफ्रिकी माणसं विकली जात. आणि ज्या निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध पंथाने ही यात्रा काढली, त्याचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते; पंथाचा शांतिस्तूप आजही तिथे आहे. संबंध आणखी किती जवळचा हवा?

भरपाईबद्दल मात्र तुम्ही जे विचारलंत त्याला या उत्तरात न्याय देता येणार नाही. कॅरिबियन देशांनी २०१४ मध्ये दहा कलमी मागणी मांडली आहे, त्यावर वेगळा लेख लिहितो. तो वाचून पुन्हा भांडा.