मोरी कागदावर कोरडी कशी ठेवावी

रस्त्याखालची मोरी पुराच्या संगणकी मॉडेलमध्ये बसवायची आहे? या, बसा. गेल्या महिन्यात एका मोरीचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला आणि त्याच आठवड्यात त्याच मोरीवर माझी स्कूटर बंद पडली. त्यामुळे अभ्यास ताजा आहे.

मोरीला साधा पाईप समजा. ९०० मिमीचा ह्यूम (सिमेंटचा) पाईप, मॅनिंगचा एन, म्हणजे आतल्या खरखरीतपणाचा आकडा, ०.०१३, झालं. एसडब्ल्यूएमएम या पावसाच्या पाण्याचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कल्व्हर्ट कोडचा, म्हणजे मोरीचं तोंड कसं आहे ते सांगायचा रकाना असतो, तो रिकामा सोडा. पाणी पाईपात शिरण्याआधी तोंडाशीच अडतं, हे अमेरिकेच्या महामार्गवाल्यांनी उगाच शोधून ठेवलंय.

गाळ धरू नका.

पाऊस जुनाच घ्या, ताशी २५ मिमी. मुंबईची जुनी गटारं त्यावरच बेतलेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तरी मुंबई आहे ना जागेवर?

आता रस्त्यावरून वाहणारं पाणी. त्यासाठी मोरीला समांतर रोडवे विअर, म्हणजे रस्त्यालाच बांध मानून त्यावरून पाणी नेणारा दुवा, टाकायचा असतो, वरच्या नोडपासून (मोरीच्या वरच्या टोकाचा बिंदू) खालच्या नोडपर्यंत. टाका की! तपासणाऱ्याला बरं वाटतं. फक्त वरच्या नोडची कमाल खोली बरोबर रस्त्याच्या पातळीपर्यंतच ठेवा. पाणी विअरच्या माथ्याला टेकलं की नोड भरला, आणि पुढचं सगळं ‘फ्लडिंग’ म्हणून बाहेर. पाँडिंग, म्हणजे सांडलेलं पाणी नोडवर साठवून परत घ्यायची सोय, बंद ठेवलंत की ते परतही येत नाही. विअरवरून थेंब जात नाही, खालच्या वस्तीत पूर पोचत नाही, पातळीचा आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट! ऐन पावसात ही रेघ अशी सपाट का, असं कुणालाच विचारावंसं वाटत नाही. कंटिन्युइटी एरर, म्हणजे पाण्याच्या जमाखर्चातली तफावत, तीही शून्याजवळ, कारण गेलेलं पाणी ‘फ्लडिंग लॉस’च्या ओळीत रीतसर मांडलेलं. गेलं कुठं ते? माझ्या सायलेन्सरमध्ये गेलं!

कुठल्या नोडवर किती पाणी सांडलं ते सांगणारं नोड फ्लडिंग समरीचं पान अहवालाला जोडू नका.

रस्त्याची पातळी मोरीच्या डोक्यावरच घ्या. पन्नास मीटर पुढे रस्ता खोलगट आहे आणि पाणी आधी तिथूनच ओलांडतं, हे बघायला जागेवर जावं लागतं, आणि जागेवर तुम्ही जाणार...

पुरे. अहो, नोडला मीटरभर जास्त खोली द्यायला दहा सेकंद लागतात. लेव्हलचं यंत्र लावून सखल भाग मोजायला अर्धा दिवस. तेवढंही न करता सही कशी ठोकता? पाण्याखाली रस्त्याची कड दिसत नाही, आणि तिथून शाळेची पोरं सायकलवर जातात. अहवाल परत पाठवलाय. ते गाळलेलं पान लावून आणा. आणि येताना पावसात, त्याच रस्त्याने, दुचाकीवर या.