‘दुर्मीळ नाणं फालतू ठरवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचा १९९६ चा अमेरिकन सेंट ‘डबल डाय’ (म्हणजे नाणं पाडायच्या साच्यावर, डायवरच, अक्षरं दुहेरी उमटलेला) असूनही आम्ही तो ‘प्लेटिंगचा (मुलाम्याचा) दोष’ म्हणून दोन मिनिटांत परत केला आणि पुढे स्वस्तात लाटायचा आमचा डाव होता, असं तुमचं म्हणणं. पण आम्ही तो विकत मागितलाच नव्हता, मग लाटणार काय?

दोन मिनिटं पुरली, कारण रंगच सगळं सांगत होता. १९८२ मध्ये या सेंटचा धातू बदलला. आत जस्त आणि वर तांब्याचा अगदी पातळ मुलामा आला, वजनही ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आलं. मुलामा कोऱ्या चकतीवर आधी चढतो, ठसा नंतर बसतो. त्या दाबाखाली अक्षरांच्या कडेला धातू ताणला जातो, तांबं फाटतं आणि जस्त उघडं पडतं. नाण्यावरच्या ‘लिबर्टी’ या शब्दाच्या अक्षरांना चिकटून जी करडी रेघ तुम्हाला दुसरं अक्षर वाटली, ती हीच.

खऱ्या डबल डायमध्ये दुहेरी ठसा डाय बनवतानाच उमटलेला असतो. त्यामुळे दुसरं अक्षरही उठावदार असतं, आणि त्या डायखालून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ते त्याच जागी सापडतं. १९५५ चा प्रसिद्ध सेंट पाहा, भिंगही लागत नाही.

नाण्यावरच्या लिंकनच्या गालावर तुम्हाला दिसलेल्या फुगवट्याचा निकाल तर तुम्हीच रिव्ह्यूत लावलाय: ‘नखाने दाबला तर किंचित दबतो.’ डायचा टवका उडून आलेला उंचवटा भरीव असतो, तो दबत नाही. मुलाम्याखाली वायू अडकला की असा फोड येतो. असे फोड या सेंटवर पैशाला पासरी, पण व्हिडिओवाले त्यांनाच ‘लाखमोलाचं एरर’ म्हणून मिरवतात. त्यात तुमचा दोष नाही.

तरी दुसरं मत हवंच असेल तर नाणं ग्रेडिंगला (नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडे) जरूर पाठवा. फी मात्र नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त बसेल, हे आत्ताच सांगतो. आणि तो फोड आता नखाने दाबू नका, पॉलिशही करू नका. तांबं फाटलं की उघड्या जस्ताला दमट हवेत गंज धरतो.