ॲपच्या प्रस्तावात रोजचे काम कोण करणार, हे कुठे लिहिलेले असते?

पत्रकारिता आणि जनसंवादाच्या अभ्यासक्रमात आता बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना नवमाध्यमातील एखाद्या नव्या उत्पादनाचा प्रस्ताव लिहायला सांगतात. ॲप, पोर्टल, पॉडकास्ट, व्हॉट्सॲपवरील बातमीसेवा, काहीही चालते. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी हा विषय शिकवतो आणि दरवर्षी माझ्या टेबलावर येणारे प्रस्ताव लग्नपत्रिकेसारखे असतात: मजकूर तोच, फक्त नावे बदललेली. शेतकऱ्यांसाठी एकच सर्वसमावेशक ॲप, त्यात बाजारभाव, हवामान, शासकीय योजना, पीकसल्ला, नोकरीच्या जाहिराती आणि वर ‘तज्ज्ञांशी थेट संवाद’. पार्श्वभूमी, उद्दिष्टे, व्याप्ती, बलस्थाने, उणिवा असे सगळे मथळे जागच्या जागी असतात. नसते ती एकच ओळ: हे ॲप सुरू झाल्यावर रोज सकाळी त्यात माहिती कोण भरणार, ती त्याला कुठून मिळणार आणि त्याच्या हाती महिन्याला किती पैसे पडणार. याचा दोष मी मुलांना देत नाही. आम्ही शिक्षक त्यांना आधी मथळे देतो आणि मग ते भरायला सांगतो, म्हणून ती ते इमानेइतबारे भरतात.

माझे मत असे की माध्यमाचा प्रस्ताव ही मुळात बातमीदारी आहे आणि ती बातमीदारीच्या शिस्तीनेच शिकवली पाहिजे. कापसाचे उदाहरण घेतो, कारण आमच्याकडे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दुसरा विषय नसतो. बाजारभावाचे ॲप सुचवणाऱ्या मुलांना मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकावर पाठवतो. तिथे रांगेत बैलबंडी किंवा पिकअप लावून बसलेल्या माणसाला तुम्हाला काय माहीत नाही, एवढेच विचारायचे आणि उत्तर जसे बोलले तसे वऱ्हाडीत लिहून आणायचे. एका मुलीने आणलेले उत्तर असे होते: “भाव त मोबाइलवर दिसते जी, पन गाडी कवा खाली हुईन हे कोन सांगते?” या एका वाक्याने तिच्या गटाचा प्रस्ताव मुळापासून बदलला, कारण भाव खरोखरच सगळ्यांकडे असतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, हे गावातल्या पानठेल्यावरही तोंडपाठ होते. जिनिंगमध्येच हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर विकायचे तर ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी लागते, हेही कळले होते. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत जातो, हा नियमही कोणासाठी नवा नव्हता. आज केंद्र सुरू आहे का, मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला का, किती गाड्या पुढे आहेत आणि सकाळपासून ओलाव्यामुळे किती माल परत गेला, हे मात्र घरून निघण्यापूर्वी कोणालाच कळत नव्हते. गाडीभाडे खर्चून आल्यावर ते कळते आणि तोवर उशीर झालेला असतो.

आता ही माहिती कोणत्याही संकेतस्थळावरून आपोआप उचलता येत नाही. ती द्यायला फाटकावर सकाळी एक माणूस उभा लागतो आणि दुपारी पुन्हा फेरी मारावी लागते. मग प्रस्तावातील खरे प्रश्न सुरू होतात. तो माणूस केंद्रावरचा हमाल असेल, चहावाला असेल की आपला विद्यार्थी? हमालाला व्यापारी ओळखतो, मग तो खरे सांगेल का? तो आजारी पडला तर त्या दिवशी काय? चुकीची खबर गेली आणि वीस गाड्या विनाकारण निघाल्या तर जबाबदार कोण? या प्रश्नांची उत्तरे लिहिताना मुलांना जो घाम फुटतो, तोच मला हवा असतो. स्क्रीनची रंगीत चित्रे काढताना तो फुटत नाही.

माध्यमाची निवड त्यानंतर येते. ज्याच्यासाठी लिहायचे त्याच्या हातात काय आहे, हे पाहिले की पुष्कळदा ॲप आपोआप गळून पडते. केळापूर, झरी भागातील कोलाम आणि गोंड आदिवासींच्या वस्त्यांवर घरात एकच फोन असतो, तोही तरुण मुलाच्या खिशात, आणि बाईमाणसाला वाचण्यापेक्षा ऐकणे सोयीचे वाटते. अशा ठिकाणी आवाज हेच माध्यम. त्यासाठी परदेशातील उदाहरण शोधण्याची गरज नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केले. माणूस मिस्ड कॉल देतो, यंत्रणा त्याला उलट फोन करते, मग तो आपले म्हणणे नोंदवतो किंवा इतरांचे ऐकतो. नोंदवलेले म्हणणे सर्वांपुढे येण्याआधी ते तपासणारी माणसे असतात. तिथेही शेवटी माणूसच, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगतो.

एसएमएस सुचवणाऱ्या गटाला मी हिशेब करायला लावतो. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०, आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यात मोजल्या जातात. त्यामुळे मराठी मजकूर पाहता पाहता दोन-तीन संदेशांचा होतो आणि खर्चही तेवढ्या पटीने वाढतो. शिवाय असे घाऊक संदेश पाठवायचे तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी करावी लागते. प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची मात्र दरवर्षी ९९ डॉलर. वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरवर नवे ॲप आणायचे तर आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे आकडे मुले पटकन शोधतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की खर्चाचा तक्ता तिथेच संपतो. सर्व्हरचे भाडे लिहिलेले असते, माणसाचा पगार नसतो. जणू माहिती झाडाला लागते.

उत्पन्नाच्या रकान्यात ‘जाहिराती’ हा एकच शब्द असतो. तालुक्याच्या गावी जाहिरात देतो कोण? कृषी केंद्रे, कोचिंग क्लास, मंगल कार्यालये आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे कार्यकर्ते. त्यातले सर्वांत मोठे कृषी केंद्र. मग मी विचारतो की उद्या बोगस बियाण्याची बातमी आली तर तुम्ही ती देणार का. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या हंगामात तुमचा सगळा खर्च कीटकनाशकाच्या जाहिरातीतून निघत असता तर तुम्ही पहिल्या दिवशी काय छापले असते? या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देणाऱ्या गटापेक्षा, वाचकांकडून महिन्याला थोडी वर्गणी घेऊन लहानच राहू, असे लिहिणारा गट मला अधिक विश्वासार्ह वाटतो. वर्गणी जमेलच असे नाही, पण निदान कोणाकडे मागायची हे त्याने ठरवलेले असते.

याला होणारा आक्षेप मला ठाऊक आहे. मुलांना पुण्या-मुंबईत नोकरी करायची आहे, तिथे ठराविक साच्यातील सादरीकरणच चालते, तुम्ही त्यांना जिनिंगच्या फाटकावर कशाला अडकवता, असे सहकारी विचारतात. साचा यायला हवा, हे मान्य; तो चार दिवसांत येतो. पण साच्यामागचे प्रश्न तिथेही हेच असतात. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेचे, म्हणजे डार्पाचे, सत्तरच्या दशकातील संचालक जॉर्ज हेलमायर यांनी प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांसाठी जी प्रश्नावली घालून दिली, ती आजही वापरली जाते. तुम्हाला काय करायचे आहे ते तांत्रिक शब्द न वापरता सांगा, आज हे काम कसे होते, त्याने कोणाला फरक पडणार, खर्च किती, वेळ किती आणि जमले की नाही हे मधल्या काळात कसे तपासणार, असा तिचा आशय आहे. शस्त्रास्त्रांच्या संशोधनाला जे प्रश्न चालतात, ते कापसाच्या रांगेलाही चालतात. मी एकाचीच भर घालतो: शंभराव्या दिवशी हे काम कोण करत असेल?

कायद्याचा भाग मी थोडक्यात घेतो. फोन नंबर गोळा करणार असाल तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती घ्यावी लागेल आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची, एवढे प्रस्तावात आलेच पाहिजे.

गुणांची वाटणी मात्र बदलायला हवी, असे माझे ठाम म्हणणे आहे. मांडणीला आणि स्क्रीनच्या आराखड्याला निम्मे गुण देऊन आपण मुलांना चित्रे काढायलाच शिकवतो. चौकशी करून ‘येथे ॲपची गरज नाही, व्हॉट्सॲप चॅनल आणि ग्रामपंचायतीसमोरचा फळा पुरे’ या निष्कर्षावर आलेल्या गटाला पूर्ण गुण मिळण्याची सोय असली पाहिजे; आजच्या तक्त्यात तो गट नापासाच्या काठावर बसतो. तोंडी परीक्षेला बाहेरच्या प्राध्यापकासोबत ज्यांच्यासाठी प्रस्ताव लिहिला त्यांच्यापैकी एक व्यक्ती बसावी, ही माझी दुसरी मागणी आहे. पुढील सत्रापासून ते करून पाहायला विभागाने होकार दिला आहे. त्या शेतकऱ्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली रोजी कोणत्या शीर्षाखाली द्यायची, याचे उत्तर कार्यालयाकडून यायचे आहे.