फोटो काढतोय, मोजणी नाही

३४ वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात लोकांच्या जमिनी मोजल्या. कागदोपत्री मी भूकरमापक, गावात 'मोजणीवाले', आणि मोजणीत ज्याचा बांध दीड हात मागे सरके तो मला जे म्हणे ते इथं लिहिण्यासारखं नाही. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. आता कुणाच्या परड्यात पाय ठेवायला नको, कुणाच्या कुत्र्याला आपली ओळख द्यायला नको.

मग न्यू जर्सीहून चिरंजीव आले आणि जाताना एक फोन ठेवून गेले. "बाबा, रोज एक फोटो पाठवत जा. काहीही साधं. रस्ता, बाजार, समुद्र. देवळं नकोत, ती गुगलवर आहेत."

म्हटलं, त्यात काय! ३३ फुटी साखळी ओढत करवंदीच्या जाळ्यांतून ज्यानं हयात काढली, त्याला हा दोनशे ग्रॅमचा डबा काय जड आहे?

पहिल्या दिवशी मांडवीला गेलो. काळी वाळू, भेळेच्या गाड्या, जेट्टीवर बसलेली कॉलेजची पोरं आणि समोर बुडणारा सूर्य. फोटो काढला, पाठवला. उत्तर आलं, "बाबा, समुद्र उजवीकडे सांडतोय."

हे मला लागलं. माझ्या फलकयंत्रावरच्या पाणसळीचा बुडबुडा ३४ वर्षांत कधी मधोमध बसल्याशिवाय मी रेघ ओढली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा राहिलो आणि क्षितिज असं सपाट केलं की त्यावर गोटी ठेवली तर हलणार नाही. उत्तर आलं, "सूर्य कुठाय?" समुद्र सरळ करेपर्यंत तो बुडाला होता.

आठवड्याभरानं त्यानं विचारलं, "तुमच्या प्रत्येक फोटोच्या मधोमध भिंत का असते?" मी सगळे फोटो उलटे-सुलटे करून पाहिले. खरंच. भिंत, रचलेल्या दगडांचा गडगा, कुंपण, विजेचा खांब, एकात तर नुसताच चुना मारलेला दगड. चौकटीत हद्दीची खूण दिसल्याशिवाय माझा अंगठा बटणावर पडतच नव्हता.

पण ही झाली माझी खोड. खरा त्रास लोकांचा. आमच्याकडे कुणी नुसता उभा राहून एखाद्या वस्तूकडे बघायला लागला, तरी शेजारी येऊन विचारतात, "काय झालं?" त्यात मी. माझा चेहरा भाट्यापासून जयगडपर्यंत ओळखीचा. मी हातातलं काहीही डोळ्यांसमोर धरलं की लोक आधी सातबारा आठवतात आणि मग मला नमस्कार करतात.

हातखंब्याच्या तिठ्यावर मी एका चहाच्या टपरीचा फोटो काढला. वाफाळतं पातेलं, मागे कोल्हापूरकडे निघालेली एसटी, छान जमला होता. टपरीवाला गाळणं हातात घेऊनच बाहेर आला. "माझी पण जाणार काय हो?"

"काय जाणार?"

"टपरी. रस्त्यात."

महामार्गाच्या चौपदरीकरणानं या पट्ट्यातल्या माणसांच्या मनाचं असं काही करून ठेवलंय की समोर कॅमेरा दिसला की त्यांना एकतर घर जाताना दिसतं किंवा मोबदला येताना. मी म्हटलं, मी निवृत्त झालोय, हा फोटो मुलाला पाठवायचाय. तो डोळा बारीक करून म्हणाला, "मुलगा कुठल्या खात्यात आहे?" चहाचे पैसे मात्र घेईना. घेतले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या वडापाववाल्यानं ते पाहिलं आणि त्याची खात्रीच पटली. मी स्कूटरला किक मारेपर्यंत चौघेजण आपापल्या टपरीचं माप पावलांनी घेत होते.

मिरकरवाड्याला वेगळीच तऱ्हा. पहाटे होड्या लागतात, लिलावाचा गलका असतो, बर्फाचे तुकडे पायाखाली करकरतात. तिथं सर्व्हेची भीती कुणाला नाही, समुद्राला गट नंबर नसतो. मी एका पाटीतल्या बांगड्यांवर फोन धरला. पाटीवाली म्हणाली, "काका, आधी घ्या, मग काढा." घेतले. आता फोटो काढायचा तर पाटी रिकामी, बांगडे माझ्या पिशवीत. पुढच्या पाटीत सौंदाळे होते. तिथंही तोच कायदा. घरी गेलो तेव्हा पिशवीत तीन जातींचे मासे आणि फोनमध्ये माझ्या चपलेचा एक फोटो. तो चुकून निघाला होता. पण चपलेमागे एक मांजर बांगड्याचं डोकं घेऊन पळताना आलंय. मुलाला सगळ्यांत जास्त आवडलेला फोटो तोच. बायकोला मासे आवडले. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात तिनंच मला तीनदा "फोटो काढायला" पाठवलं.

माणसं नकोत म्हणून एकदा थिबा राजवाड्याकडे वळलो. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला १९१० साली. राजे वारले १९१६ साली. आलेल्या माणसाला जागेचा ताबा मिळायला २४ वर्षं आणि उपभोग सहा, हे गणित ज्यानं सरकारी नोकरी केली त्याला समजावून सांगावं लागत नाही. मी मनोमन त्यांना हात जोडले आणि लाल भिंती, उतरती छपरं चौकटीत घेऊ लागलो. तेवढ्यात मागून आवाज, "साहेब, ह्याची पण मोजणी आहे का?" माझाच जुना पक्षकार. सकाळच्या फेरीला आला होता. त्यानं पाऊण तास त्याच्या चुलत्याचं अतिक्रमण सांगितलं. फोटोत राजवाड्यापुढे त्याचं बोट आलंय.

आरे-वाऱ्याच्या रस्त्यावर तर मीच कामाला लागलो. वर घाटातून दोन किनारे एकदम दिसतात, खाली पांढरी रेघ, पलीकडे निळं. मुलाला असाच फोटो हवा होता. पण गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्या तिथं थांबतात आणि वयस्कर, फोनधारी, एकटा माणूस दिसला की तो देवानंच पाठवलाय असं पर्यटकांना वाटतं. "काका, एक काढता का आमचा?" एक काढला. "आता एक उभा." काढला. "आता आजीला घेऊन." आजी गाडीतून उतरायला तयार नव्हत्या, त्यांचे गुडघे. मग सगळं कुटुंब गाडीच्या खिडकीभोवती. त्यांचं झालं की मागच्या गाडीतले. त्या दिवशी मी ४० एक फोटो काढले, सगळे दुसऱ्यांच्या फोनवर. कोल्हापूर-सांगलीच्या कित्येक घरांत आता क्षितिज उजवीकडे सांडत असेल.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. घात फणसानं केला.

पावसच्या पुढं एका गावात जुन्या ओळखीचं एक घर आहे. जांभ्याच्या भिंती, कौलं, मागे परडं. परड्याच्या मधून एक गडगा जातो. वरच्या घरात अण्णा, खालच्या घरात भाई, सख्खे चुलतभाऊ. हा गडगा २००३ साली मीच मोजून दिलेला. त्या गडग्याच्या ऐन डोक्यावर एक फणस उभा आहे, अर्धा बुंधा इकडे, अर्धा तिकडे. मोजणीच्या वेळी दोघांनी मला विचारलं होतं, झाड कुणाचं? मी नकाशावर झाडाच्या जागी एक गोल काढला आणि त्याच्या मधून रेघ नेली. खात्यात याला अचूकता म्हणतात.

१४ मेला तिकडून जात होतो. फणस बुंध्यापासून फांद्यांपर्यंत लगडला होता, खालचे तर गडग्यावर टेकलेले. ऊन पानांतून उतरून त्या काट्यांवर पडलं होतं. मी रस्त्यावरूनच फोटो काढला. इतका सुंदर आला की मुलानं पहिल्यांदाच काही खोट काढली नाही. उलट त्यानं तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो ठाण्याला गेला, ठाण्याहून कुणाच्या तरी सुनेच्या माहेरी, आणि तिन्हीसांजेला पावसच्या पुढं पोचला.

रात्री अण्णांचा फोन. "मोजणीवाले, फोटोत फणस किती आहेत?"

"मी मोजले नाहीत, अण्णा."

"मोजा. तुमचं कामच ते."

मी चष्मा लावून मोजले. अकरा भरले.

"झाडावर आत्ता आठ आहेत," अण्णा म्हणाले आणि दोन्हीकडची माणसं गप्प झाली.

पंधरा मिनिटांनी भाईंचा फोन. त्यांना वेळ हवी होती. फोटो कितीला काढला? मी म्हटलं, मला काय आठवतंय! ते म्हणाले, फोनला आठवतं. खरंच, फोनमध्ये सगळं लिहिलेलं होतं, ११ वाजून ४२ मिनिटं, शिवाय जागेचा नकाशा. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत मी इतका पक्का पंचनामा केला नव्हता. "म्हणजे ११:४२ नंतर तीन गेले," भाई म्हणाले. "मी तेव्हा बाजारात होतो. अण्णा कुठं होता ते बघा."

मी काय बघू?

दुसऱ्या दिवशी दोघांनाही फोटो हवा होता, मूळ, मोठा. अण्णांना भाईंचं घर दिसतं ती बाजू कापून, भाईंना अण्णांची. मी तो बोटांनी मोठा करून बघत बसलो आणि वरच्या फांदीवरचा अकरावा फणस मला जरा वेगळा वाटला. काटे नव्हते. केस होते. आणि खाली एक शेपूट लोंबत होतं.

मी आनंदानं दोघांना फोन केला. अकरा नव्हते, दहाच होते, एक वानर होतं! दोन फणस गेलेत आणि कुणी नेले ते फोटोतच बसलंय. आता कुणी कुणावर संशय घ्यायचं कारण नाही.

अण्णा म्हणाले, "वानर कुणाच्या बाजूच्या फांदीवर आहे?"

भाई म्हणाले, "वानर पिकला फणस झाडावरच फोडतं. चारखंडं, गरे काढून उरलेली सालपटं, खाली पडतात. गडग्याजवळ एक तरी चारखंड दिसतंय का?" हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय वानराचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्यामुळे त्याला पक्षकार करता येत नाही.

चार-पाच दिवस फोन वाजत राहिला. मी बाहेर पडणंच बंद केलं. मुलाला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे फोटो पाठवू लागलो. तो म्हणाला, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

मग एका सकाळी अण्णांचा नातू मोटारसायकलवर आला. हातात स्टीलचा डबा. "आजोबांनी दिलाय. फोटोचं तेवढं बघा म्हणाले." डब्यात गरे. पिवळेधम्मक, कापे, वास ओटीपर्यंत आला.

आणि दुपारी, जेवणं व्हायच्या आत, भाईंचा मुलगा. त्याच्याही हातात डबा, फक्त प्लॅस्टिकचा. "बाबा म्हणाले, साहेबांना आवडतात."

बायकोनं दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी मांडले. या डब्यातला एक गरा खाल्ला, त्या डब्यातला एक खाल्ला, डोळे मिटले, परत या डब्यातला खाल्ला. ती लांज्याची. घरात तीन पिढ्यांचे फणस.

"एकाच झाडाचे," ती म्हणाली.

मी हिशेब केला. दहातून आठ गेले, उरले दोन. एक स्टीलच्या डब्यात, एक प्लॅस्टिकच्या. वानर निर्दोष.

आपसूक माझा हात फोनकडे गेला. खिडकीतून उजेड दोन्ही डब्यांवर सारखा पडला होता आणि मधोमध, दोन्ही डब्यांना न शिवता, टेबलाच्या दोन फळ्यांमधली सांध गेली होती. असा फोटो सहा महिन्यांत जमला नव्हता.

"अहो, ठेवा तो खाली," बायको म्हणाली. "तारीख-वेळेसकट येतो ना तो? जबानीला कोण जाणार, मी?"

फोन खाली ठेवला. गरे खाल्ले, आधी अण्णांचे, मग भाईंचे, मग बाहेर पहिला पाऊस सुरू झाल्यावर उरलेले एकत्रच.

आठळ्या मात्र तिनं धुऊन दोन वेगळ्या वाट्यांत ठेवल्या. कुणी मोजायला आलंच तर.