ताळेबंद जुळला म्हणून मॉडेल खरं ठरत नाही

“कंपनीचं पाच वर्षांचं आर्थिक मॉडेल संगणकावर एकदा नीट बांधा, मग चुका नाहीत, अंदाजपंचे नाही, वाद नाहीत.” या आशयाचा दावा बराच फिरतोय. (मॉडेल म्हणजे विक्री, खर्च, रोकड यांचा पुढचा अंदाज सूत्रांनी मांडलेली स्प्रेडशीट, संगणकावरचा आकड्यांचा तक्ता.) त्याच्या समर्थनार्थ तीन गोष्टी सांगतात.

“संगणक चुकत नाही.” गुणाकारात नाही चुकत, पण सूत्र माणूस लिहितो. २०१२ मध्ये जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेला लंडनमधल्या सौद्यांत ६ अब्ज डॉलरहून मोठा फटका बसला. तिथल्या जोखीम मोजणाऱ्या स्प्रेडशीटमध्ये सरासरीने भागायचं तिथे बेरजेने भागलं होतं, त्यामुळे जोखीम कमी दिसायची. सगळा तोटा त्या एका सूत्राच्या माथी मारता येणार नाही. पण तो चुकीचा भागाकार संगणकाने अगदी बिनचूक केला होता!

“ताळेबंद जुळला, म्हणजे मॉडेल बरोबर.” हे जास्त घातक, कारण हे जाणकारही बोलतात. बऱ्याच मॉडेलांत रोकड किंवा बँकेची उचल हीच जुळवणीची ओळ असते. बाकी सगळं मांडून झालं की उरलेला फरक तिथे जाऊन बसतो. मग ताळेबंद न जुळला तरच नवल. समजा, गिऱ्हाइकं ४५ दिवसांत पैसे देतील असं धरलं आणि प्रत्यक्षात ६० दिवस लागले. १५ दिवसांची विक्री, म्हणजे वर्षाच्या विक्रीचे ४ टक्क्यांहून थोडे जास्त, येण्यांत, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांत, अडकली. निव्वळ नफाच ४ टक्के असेल तर वर्षाचा सगळा नफा कागदावरच राहिला. ताळेबंद मात्र दोन्ही वेळा पैशापैशाला जुळतो. बघायचं असतं ते उचल कोणत्या महिन्यात बँकेची मर्यादा ओलांडते ते, आणि नुसत्या वार्षिक मॉडेलमध्ये महिना दिसतच नाही.

“तपशील जितके जास्त, तितका अंदाज पक्का.” १०० ची विक्री दरसाल १० टक्क्यांनी वाढली तर पाच वर्षांनी १६१ होते, १२ टक्क्यांनी वाढली तर १७६. हा फरक एका सेलचा, म्हणजे वाढीचा दर लिहिलेल्या एका चौकटीचा. खालच्या दोनशे ओळी त्याच्याच मागे फरफटत जातात.

मॉडेल टाकून द्या असं मी म्हणत नाही. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्याची खुबीच ही होती की एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप बदलायचे. मी नवं मॉडेल हाती आलं की निकालाचं पान आधी उघडतच नाही. वसुलीचे दिवस ९० करून पाहतो. रोकड जागची हलली नाही, तर कुणीतरी सूत्र पुसून तिथे हाताने आकडा टाकलेला असतो.