१७ अक्षरांचा फॅनशॉ

इंग्लंडात दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसलं की दातांपेक्षा आडनावं जास्त ठणकतात. यादीत दिसतं ‘चॉलमोंडेली’, हाक मारायची ‘चम्ली’. ‘मार्जोरीबँक्स’ना ‘मार्चबँक्स’ म्हणायचं. या सगळ्यांचा खापरपणजोबा म्हणजे ‘फेदरस्टोनहॉ’. रोमन लिपीत १७ अक्षरं आणि उच्चार, फॅनशॉ! त्यातही सगळीच घराणी फॅनशॉ म्हणवून घेत नाहीत. काहींना आडनाव पुरतं ऐकायचं असतं. म्हणून असं नाव यादीत दिसलं की मी चष्मा पुसत नुसतं ‘पुढचे?’ म्हणते. वर हीच माणसं मला विचारणार, “देशपांडे कसं उच्चारायचं?” अहो, लिहिलंय तसंच!

ही फेदरस्टोनहॉ मंडळी मूळची नॉर्थम्बरलँडची, हॉल्टव्हिसल गावाजवळच्या साउथ टाइन नदीकाठची. त्यांच्या नावातलं ‘फेदर’ म्हणजे पीस नव्हे, जुन्या इंग्रजीतलं ‘चार’. चार दगड, आणि ‘हॉ’ म्हणजे नदीकाठची मळीची जमीन. आपण अशा माणसाला चौधोंडकर म्हणून मोकळे झालो असतो.

ससेक्समधल्या अपपार्क इस्टेटीवरच्या शाखेनं स्पेलिंगातली दोन अक्षरं तेवढी गाळली. काटकसर तिथेच संपली. तिथल्या सर हॅरींनी सत्तरी उलटल्यावर, १८२५ साली, स्वतःच्याच डेअरीत कामाला असलेल्या मेरी ॲन बुलकशी लग्न केलं. (दूधदुभतं पाहणारीचं आडनाव बैल! पण ते असो.) पुढे इस्टेट तिची बहीण फ्रान्सिसकडे आली, तेव्हा सुटसुटीत ‘बुलक’ टाकून तिनंही ही १५ अक्षरं डोक्यावर घेतली. लेखक एच. जी. वेल्स यांची आई याच बाईंकडे हाउसकीपर होती. रोजच्या हिशेबाच्या वहीत मालकिणीचं नाव लिहायचं म्हणजे शाईचा खर्च वेगळाच धरावा लागत असणार.

माझा लाडका मात्र जॉर्ज विल्यम फेदरस्टोनहॉ. अमेरिकेत सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून डोंगर पालथे घातलेला हा गृहस्थ नंतर फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात ब्रिटिश कॉन्सल झाला. १८४८ च्या क्रांतीत राजा लुई-फिलिप पळाला, तेव्हा कल्ले उतरवलेल्या राजाला यानंच इंग्लंडच्या बोटीवर चढवलं, आपला काका म्हणून. काकाचं आडनाव काय सांगितलं? स्मिथ! बरोबरच आहे. घरचं आडनाव सांगून होईपर्यंत बंदरावरच्या शिपायांनी राजाला दोनदा ओळखलं असतं.